गाजेत राहिलेलं नाव

॥ श्री ॥
बंगळूर,
दि. १२ जानेवारी १९६१

ती. आजीस,
चंदरचा शि. सा. न. वि. वि.

तू दिलेले सुके बोंबील संपले. निम्मे मी खाल्ले, निम्मे वसतिगृहाच्या व्यवस्थापकांनी फेकायला लावले. शेजारच्या खोलीतल्या मुलांना वास सहन होईना. इथं थंडी बरीच आहे, पण घोंगडी पुरते. पायाला सूज असेल तर टोपली घेऊन बाजाराला जाऊ नकोस असं लिहितो. तू जाणार हे ठाऊक असूनही लिहितो.

आता मोठी बातमी. दिवाळीत मी संस्थेचं आवाज उतरवून घ्यायचं यंत्र आणलं होतं, दोन चाकांचं, ज्याला तू शिवणयंत्राचा धाकटा भाऊ म्हणालीस ते. त्याच्या फितीवर आपल्या किनाऱ्याची गाज उतरवून आणली, ती आमच्या प्रयोगाला लागू पडली. तुला समजेल असं सांगतो. रेडिओवाले एक सरळ, न बदलणारा सूर हवेत सोडतात आणि बोलणं त्याच्यावर चढवतात. ज्याला तो सूर सापडला त्याला बोलणंही सापडतं, मग तो शत्रू का असेना. आमचे सर म्हणतात, सूर नकोच. नुसता गोंगाट घ्यावा, ज्याला ना ताल ना तोल, आणि निरोप त्याच्यावर चढवावा. वाटेत कुणी कान लावला तर त्याला गोंगाटच ऐकू येईल. निरोप त्यालाच मिळेल ज्याच्यापाशी तोच गोंगाट, अगदी तोच, दुसऱ्या फितीवर आहे. दोन्ही फिती एकदम सुरू करायच्या, एकमेकींशी ताडायच्या, आणि जिथं जुळत नाही तिथं निरोप. समुद्राच्या दोन लाटा कधी सारख्या नसतात, म्हणून मी गाज सुचवली. सर आधी हसले होते, आता हसत नाहीत.

फेब्रुवारीअखेर दिल्लीहून पाहुणे येणार आहेत. त्यांच्यापुढं प्रयोग नीट झाला तर मला इथंच नोकरी मिळेल.

ठमीकाकींना नमस्कार सांग. कान्हाचं काही कळलं का?

तुझी माया इथवर पोचते, ती अशीच येत राहो.

तुझा,
चंदर


॥ श्री ॥
कोळीवाडा, अलिबाग, जि. कुलाबा
माघ महिना, रथसप्तमी

चि. चंदर यास,
वेणूआजीचे अ. उ. आ. वि. वि.

पत्र पोचलं. बोंबील फेकणाऱ्याला सांग, त्याच्या सात पिढ्यांनी खाल्ला नसेल असा माल व्हता. पाय सुजलाय तो माझा हाय, त्याची काळजी तू करू नको. मी प्रौढांच्या वर्गात जाऊन लिहायला शिकले ती तुला पत्रं लिहायला, पायाचा हिशेब द्यायला न्हाय.

तुझा गोंगाट मला समजला न्हाय. एवढं मात्र समजलं की तू दिवाळीतली गाज म्हणतोस. चंदर, दिवाळीत तू ते यंत्र किनाऱ्यावर एकदाच चालवलंस. बाकीचे दिवस ते माझ्या कणगीवर पडून व्हतं. ज्या दिवशी कान्हाची होडी आली न्हाय त्याच दिवशी चालवलंस. मी तुझ्या बाजूला उभी व्हते.

आठवतंय ना? वारा सुटलेला, सगळ्या बाया कमरेएवढ्या पाण्यात, हाका मारताहेत. आपल्याकडं होडी उशीर करते तवा मारतात तशाच. ठमीनं मला विचारलं, तुझ्या नातवाचं ते काय हाय. मी म्हणाले, बिनतारी हाय, सरकारी हाय, त्यात ओरड, होडीपर्यंत जाईल. मग ती त्या यंत्राला मिठी मारून लेकाचं नाव घेत राहिली. बाकीच्या पण धावल्या. तू चाकं बघत उभा राहिलास. व्हय म्हणाला न्हाईस आणि न्हाय पण म्हणाला न्हाईस. मला वाटलं माझं बरोबर हाय.

होडीवरचा बाबाजी दुसऱ्या दिवशी रेवदंड्याला लागला. तो सांगतो होडी उलटली, कान्हा दिसला न्हाय. ठमी म्हणते दिसला न्हाय म्हणजे मेला न्हाय. आपली हाक तिथवर गेलीय, तो कुठंतरी लागला असेल, आणि त्याचा निरोप येईल तो त्याच यंत्रातून येईल. म्हणून पोस्टमन आळीत शिरला की ती माझ्या दारात येऊन उभी राहते. चंदरचं पत्र आलं का, त्यात काय हाय. मी सांगते थंडी पडलीय. कालपण तेच सांगितलं.

ठमीच्या सुनेचे, नलूचे हाल तर बघवत न्हाईत. तिचा भाऊ न्यायला आला, ठमीनं पाठवली न्हाय. नवरा यायचा हाय आणि तू कुठं चाललीस. नवऱ्याचं ताट रोज वाढायचं आणि रोज उचलायचं. हातात अजून बांगड्या. सवाशिणी तिला हळदीकुंकवाला बोलवीत न्हाईत आणि विधवा आपल्यात बसवीत न्हाईत. विशीतली पोर, ओट्याच्या कडेला बसून असते.

तवा मला एकच सांग. ते ओरडणं गेलं व्हतं का न्हाय? लांबण लावू नको.

लोभ हाय तेवढा हाय, आता त्यात भर घालायला सांगू नको.

वेणूबाई


॥ श्री ॥
बंगळूर,
दि. ३१ जानेवारी १९६१

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

नाही. गेलं नव्हतं.

ते यंत्र आवाज पाठवत नाही, साठवतं. फितीवर जे उतरलं ते यंत्राच्या दोन हातांबाहेर कुठंही गेलं नाही.

मी सांगणार होतो. ठमीकाकींनी यंत्राला धरलं तेव्हाच सांगायला हवं होतं. पण इतक्या बाया एकदम आल्या, सगळ्या माझ्याकडं बघत होत्या, आणि त्या क्षणी नाही म्हणायचं धैर्य झालं नाही. आजी, याहून वाईट एक गोष्ट आहे. फीत अजून बरीच शिल्लक होती आणि वारा फार चांगला लागला होता. यंत्र बंद केलं तर असा आवाज पुन्हा मिळणार नाही, हे माझ्या मनात आलं. बायांचे आवाज गाजेत बुडून जातील असं मी धरून चाललो.

प्रयोग तोंडावर आला आहे, आत्ता सुटी मिळणं कठीण. सोबत ठमीकाकींसाठी वेगळं पत्र ठेवलं आहे. त्यात यंत्राची सगळी रचना सोप्या शब्दांत लिहिली आहे आणि क्षमा मागितली आहे. तू ते त्यांना वाचून दाखव. तुझ्या तोंडून ऐकलं तर त्यांना कमी लागेल.

रागावलीस तरी पत्र बंद करू नकोस.

चंदर


॥ श्री ॥
अलिबाग कोळीवाडा
महाशिवरात्रीच्या आदला दिवस

चि. चंदर यास,
आशीर्वाद वि. वि.

ठमीसाठीचं पत्र मी वाचून दाखवलं न्हाय, दाखवणार न्हाय. आधी माझं मीच वाचलं. चांगलं लिहिलंयस. चुंबक काय, फीत काय, आवाज कसा चिकटतो ते काय. दोन पानं झाल्यावर कुठंतरी कान्हाचं नाव येतं. ठमीला कागद कळत न्हाय, पण माणूस किती लांबून बोलतोय ते कळतं. मी ते पत्र तांदळाच्या डब्यात टाकलंय, चुलीत न्हाय टाकलं, कारण तू लिहिलंयस.

माझ्या तोंडून कमी लागेल म्हणतोस. तुला वाढवला मी, तवा तुझी अक्कल कुठं कमी पडते ते मला म्हाईत हाय. माझ्याच तोंडून जास्त लागेल. यंत्रात ओरड असं तिला कुणी सांगितलं? तू गप्प राहिलास, बोलले तर मी. आणि का बोलले तेही ऐक. होडी आली न्हाय याची काळजी मला व्हती, न्हाय असं न्हाय. पण सगळी आळी जमलीय आणि माझा नातू सरकारी यंत्र घेऊन उभा हाय, हे मला तवाच मिरवायचं व्हतं. ठमीचा लेक पाण्यात, आणि मी मिरवते. हे तुला लिहिताना लाज वाटते, तरी लिहिलं, कारण तू एकटाच लाजतोस असं तुला वाटू नये.

आता माझी तऱ्हा अशी झालीय की पोस्टमनची सायकल वाजली की मी परसात जाते. ठमी दारात थांबते. मी कोंबड्या हाकते. कोंबड्या न्हाईत माझ्याकडं, तुला म्हाईत हाय.

तू ये. दोन दिवसांची रजा मागायला तोंड हाय ना. तू तिच्यासमोर उभा राहा, मी तुझ्या बाजूला उभी राहीन, जशी तवा राहिले. शिमगा जवळ आलाय. सणाला सगळे रंगात असताना ती कान्हासाठी कमरेला नेसायचा नवा रुमाल आणणार हाय, नलूला तसं म्हणाली. त्याच्या आत ये.

येतोस का ते लिही. दुसरं काही लिहू नको.

वेणूबाई


॥ श्री ॥
बंगळूर,
दि. २६ फेब्रुवारी १९६१

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

आलो नाही. रजा मागितली असती तर मिळाली असती. मागितली नाही.

काल प्रयोग झाला. दोन खोल्यांत दोन यंत्रं, दोन्हींवर एकच गाज, मध्ये तार. पाहुण्यांना मधल्या तारेवर ऐकायला कर्णफोन दिले होते. त्यांना नुसती गाज ऐकू यायची आणि पलीकडच्या खोलीत कागदावर निरोप उमटायचा, अशी कल्पना. निरोप बिनचूक उमटला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पण पाहुण्यांत एक मराठी गृहस्थ होते. त्यांनी कर्णफोन काढलाच नाही. बराच वेळ ऐकून त्यांनी मला विचारलं, समुद्र कळला, पण ही बाई कान्हा कान्हा करून कुणाला बोलावते आहे. आजी, मी त्यांना सांगितलं की किनाऱ्यावर मासळीबाजार भरतो, बाया गिऱ्हाइकाला ओरडतात, त्याचा आवाज मध्ये आला असेल. ते म्हणाले, मालाला असं बोलावत नाहीत. आणि दुसरीकडं निघून गेले.

रात्री सगळे गेल्यावर मी एकट्यानं ती फीत पहिल्यापासून ऐकली. इतके दिवस मी ती सुयांवर आणि कागदावर मोजत होतो, कानानं कधी ऐकलीच नव्हती. ठमीकाकींचा आवाज गाजेत बुडालेला नाही. वरच आहे. निरोप लपावा म्हणून मी जो गोंगाट आणला, त्यात सर्वांत स्पष्ट तेच नाव ऐकू येतं. माझ्या हिशेबात ते गोंगाट म्हणून धरलं होतं.

सरांनी सांगितलं, ती बाई काढून टाक आणि मग उत्तम. नोकरीचं जवळजवळ नक्की झालं.

मला येता येत नाही. कामामुळं नाही. तू समजून घेशील असंही म्हणत नाही.

चंदर


॥ श्री ॥
अलिबाग कोळीवाडा
शिमगा होऊन गेला

चि. चंदर यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी ठमीला सांगितलं. तुझी वाट बघायची सोडली, रागानं न्हाय, पायाची सूज उतरली आणि कामं पुढं पडली तशी.

घरी नेऊन, दार लावून सांगायचं असं ठरवलं व्हतं. तसं झालं न्हाय. आम्ही बोंबील उलटायला बसलो व्हतो, सगळ्या व्हत्या. पोस्टमन गेला तसं तिनं विचारलं, चंदरचं काय. माझ्या तोंडून थंडी निघेना, फाल्गुनात थंडी कुठली. मी म्हणाले, ठमे, ते यंत्र लांब पाठवणारं नव्हतंच, आवाज भरून ठेवणारं व्हतं, डब्यात पीठ भरतात तसं. तू ओरडलीस ते डब्यात गेलं, कान्हापर्यंत न्हाय. मला म्हाईत नव्हतं आणि मी बोलले.

तिनं बोंबील उलटायचे थांबवले न्हाईत. एक ओळ पुरी केली. मग मला विचारलं, चंदरला म्हाईत व्हतं का. मी म्हणाले, व्हय. माझ्या बाजूच्या दोघी उठून लांब जाऊन बसल्या. जागा कमी पडत नव्हती.

मग ती म्हणाली, मी ओरडत असताना तो पोरगा चाकं बघत व्हता. मी म्हणाले, व्हय. ती म्हणाली, मला वाटलं लेकाला शोधतोय. मी पुढची ओळ उलटायला घेतली.

चार दिवस तिनं माझ्याशी तोंड उघडलं न्हाय. कान्हाचं ताट वाढणं मात्र पहिल्याच रात्री बंद झालं, नलूनं सांगितलं. पाचव्या दिवशी माझ्या पायरीशी उभी राहून, आत न येता बोलली. मी मोडतोड न करता लिहिते. तो आवाज अजून डब्यात हाय का. हाय म्हटलं. किती डबे हाईत. दोन, म्हटलं, त्यांच्यावर बसवून निरोप पाठवायचं काम चाललंय. तशी म्हणाली, तर चंदरला लिही, समुद्र सरकारचा हाय, तो त्याला लखलाभ. माझं ओरडणं पण ठेवायचं तर ठेव, तुझं काम हाय. पण जिथं जिथं माझ्या लेकाचं नाव हाय तेवढं कापून काढ आणि इकडं पाठव. दोन्ही डब्यांतलं. त्याच्यावर बसवून लोकांचे निरोप पाठवू नको.

कापता येतं का असलं काही, मला म्हाईत न्हाय. येत नसेल तर तसं तिला येऊन सांग, मी आता कुणाचं काही सांगणार न्हाय.

वेणूबाई


॥ श्री ॥
बंगळूर,
दि. १५ मार्च १९६१

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

कापता येतं. पात्यानं कापायचं आणि उरलेली टोकं चिकटपट्टीनं जोडायची. दोन्ही फिती एकाच जागी कापल्या, नाहीतर त्या पुढं जुळल्या नसत्या. कान लावून नाव शोधावं लागलं, एकेक. ज्या हाका अर्धवट आहेत, नुसतं तोंड उघडलेलं आहे आणि नाव लाटेनं नेलं आहे, त्या ठेवायच्या की काढायच्या हे कळेना. काढल्या. सगळे तुकडे सोबतच्या पुडक्यात आहेत. तपकिरी कचकड्याच्या पट्ट्या दिसतील. यंत्राशिवाय त्यातून काही ऐकू येणार नाही, हे ठमीकाकींना आधीच सांग. नाही, तू सांगू नकोस. मीच एका ओळीत लिहिलं आहे, वरच्या कागदावर, चारच शब्द.

एक गोष्ट तुझ्यापासून लपवत नाही. नाव काढल्यावर प्रयोग पहिल्यापेक्षा चांगला झाला. तारेवर कान लावला तर आता कुणालाच काही ऐकू येत नाही. सर फार खूश आहेत. नोकरीचं पत्र आलं. सगळे अभिनंदन करत होते तेव्हा मी हात धुवायला बाहेर गेलो.

आता मी आलो तर चालेल का? ठमीकाकींना विचारून कळव.

चंदर


॥ श्री ॥
अलिबाग कोळीवाडा
पाडवा होऊन आठवडा झाला

चि. चंदर यास,
वेणूआजीचे आशीर्वाद.

पुडकं पोचलं. ठमीनं माझ्याच ओट्यावर सोडलं. वरचा कागद तिनं मला वाचायला दिला न्हाय, नलूला दिला. नलू दुसरीपर्यंत शिकलीय. ते चार शब्द कुठले ते मला म्हाईत न्हाय, आणि मी विचारलं न्हाय.

देह मिळाला नसला की पळसाच्या पानांचा पुतळा करतात, नारळाचं डोकं करतात आणि त्याला अग्नी देतात. ठमी इतके दिवस त्याला तयार नव्हती. पुडकं आलं त्याच्या तिसऱ्या दिवशी तिनं भटजींना बोलावलं. पुतळा झाला तवा तिनं त्या पट्ट्या पदरातून काढल्या आणि छातीच्या जागी पानांत खोचल्या. भटजी म्हणाले, ही कसली वस्तू, शास्त्रात न्हाय. ती म्हणाली, त्याचं नाव हाय. मग त्यांनी मंत्र पुढं सुरू केले. जळताना वास घाण आला, काळा धूर निघाला. मी मागं लांब उभी राहिले. लांब हो असं मला कुणी म्हटलं नव्हतं.

परत आल्यावर नलूच्या बांगड्या उतरवायच्या व्हत्या. तिच्या डाव्याच हातात काचेच्या, उजव्या हातातल्या लग्नाच्या दिवशीच आपल्या रीतीनं समुद्राला दिलेल्या, नवऱ्याला सांभाळ म्हणून. उतरवायचं काम आळीतल्या सगळ्यांत वडील विधवेचं. ती मी. मला वाटलं ठमी आता दुसरीला बोलावील. मी दाराशीच थांबले, म्हणजे तिला सांगायला लागू नये. कुणी उठलं न्हाय. ठमीनं पाट सरकवला आणि म्हणाली, बस, तुझंच काम हाय.

तिनं मला माफ केलं असं तू समजू नकोस. मी तसं समजले न्हाय. माफ करायचं असतं तर ती मला यातून सोडती, दुसरीला बोलावती.

नलू रडली न्हाय. हात पुढं केला आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मी बांगड्यांकडं बघितलं. सगळ्या उतरेपर्यंत बांगड्यांकडंच बघितलं. उद्या भाऊ येऊन तिला माहेरी नेणार हाय, ठमीच पाठवतेय, आपली शिदोरी बांधून देऊन.

तू येऊ का विचारतोस. मी ठमीला विचारलं. ती ये म्हणाली न्हाय, येऊ नको म्हणाली न्हाय. टोपली उचलली आणि बाजाराला गेली. तवा मीच सांगते. ये. संध्याकाळच्या लाँचनं न्हाय, अंधारात न्हाय. दुपारी ये, सगळ्या दारात असतात तवा, आणि आळीच्या तोंडापासून चालत ये. मी पुढं येऊन तुझी पिशवी घेणार न्हाय.

माया मागू नको, ती कमी झालेली न्हाय. पण सध्या ती कुठं ठेवावी ते मला कळत न्हाय.

तुझी,
वेणूबाई